वाई ते लिंब : घंटा, वीरगळ आणि बारा मोटा

पुण्याहून महाबळेश्वरला जाणाऱ्यांची वाई ठरलेली असते. ढोल्या गणपतीला हात जोडायचे, घाटाच्या पायऱ्यांवर दोन फोटो, चहा, की लगेच पसरणीचा घाट. मीही इतकी वर्षं हेच करत आले. माझे मामा मात्र जन्मभर वाई तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमधून मास्तरकी करून आता गणपती आळीत निवृत्त आयुष्य काढतायत. दर दिवाळीला त्यांचं एकच पालुपद. "गाडीतनं गाव दिसत नसतंय. चालायला ये एकदा." यंदा फेब्रुवारीच्या सुरुवातीला गेले. बाकी काही ठरवलं नव्हतं. कुठं जायचं, कुणाकडे जेवायचं, सगळं मामांवर.

पहिला दिवस : वाई, मेणवली, धोम

सकाळी सातला बाहेर पडलो तेव्हा कृष्णेवर धुकं होतं आणि पायऱ्यांवर फक्त एक जण दात घासत उभा. मामांनी गणपतीच्या पुढच्या दाराने न नेता देवळाच्या मागे नेलं. गणपतराव रास्त्यांनी 1762 मध्ये बांधलेल्या या देवळाची मागची भिंत सरळ नाही, होडीच्या नाळेसारखी निमुळती केलेली आहे. पूर आला की पाणी त्या टोकावर फुटतं आणि दोन्ही बाजूंनी निघून जातं. अडीचशे वर्षांत कृष्णेला किती पूर आले असतील, पण देऊळ जागेवर आहे. पुढून दर्शन घेऊन परतणाऱ्याला यातलं काही दिसायचं कारण नाही.

मेणवली वाईपासून जेमतेम तीन किलोमीटर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस आणि हळद. एका शेतात हळद काढायला नुकती सुरुवात झाली होती. बायका गड्डे झटकून वेगळे करत होत्या आणि माती उडाली की सगळा वास हळदीचा. "बियाण्याचा जेठा गड्डा निराळा, बगल गड्डा निराळा, आन् विकायचं हळकुंड निराळं," एकीने हात न थांबवता सांगितलं. पूर्वी ही हळद बांधावरच मोठ्या काहिलीत शिजायची, पाचटाचा जाळ घालून. आता बरेच जण वाफेचा कुकर भाड्याने आणतात. तिला विचारलं, बरं कुठलं? "कुकरच बरा की. काहिलीपुढं उभं राहून बघा एकदा." जुन्याचं कौतुक करायला निघालेल्या शहरी माणसाला असं उत्तर मिळालेलं चांगलं असतं.

नाना फडणवीसांना मेणवली गाव 1768 मध्ये इनाम मिळालं. पानिपतातून जिवंत परतलेला, आईला तिथंच गमावलेला हा माणूस तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. पुढे पुण्याचा सगळा कारभार त्यांच्या हातात गेला, पण घर आणि घाट त्यांनी इथे बांधला. सवाई माधवराव गेल्यानंतर पुण्यात जी धामधूम झाली, तिच्यात नाना काही काळ याच बाजूला येऊन राहिले होते. मेणवली दप्तर म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांना जे मोडी कागद माहीत आहेत, ते या वाड्यातले.

वाडा सहा चौकांचा. बाहेरून किल्ल्यासारखा बंद, आत शिरलं की एकामागून एक चौक उघडत जातात. लाकूड काळं पडलंय, वरच्या एका दालनात भिंतीवरची जुनी चित्रं अजून धरून आहेत आणि वटवाघळांचा वास आहेच. पण मी रमले ती मागच्या दाराने उतरल्यावर, घाटावर. चंद्रकोरीसारखा वळत गेलेला घाट, मेणेश्वराचं आणि विष्णूचं देऊळ आणि मध्ये छोट्याशा दगडी मेघडंबरीत टांगलेली ती घंटा.

घंटेच्या अगदी जवळ जाऊन बघा. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि 1707 हे साल. चिमाजीअप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखात आल्या आणि देवळादेवळांत वाटल्या गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक आहे, भीमाशंकरला एक आहे. इथे मेणेश्वराला बेल वाहून आलेली बाई जाता जाता मेरीलाही नमस्कार करते. मी एकीला विचारलं, ही कोण? "देवीच हाय कुठलीतरी. लेकरू हाय न्हवं कडंवर." मामांनी तोंड उघडलं होतं, मग काय वाटलं कुणास ठाऊक, मिटलं.

घाटावर धुणं आपटणाऱ्या एका आजींनी आम्हाला बघून पहिला प्रश्न टाकला, "शूटिंगची जागा बघाय आलाव?" इथे इतके सिनेमे चित्रित झालेत की गावातल्या निम्म्या लोकांनी कधी ना कधी पडद्यावरच्या गर्दीत उभं राहून पैसे घेतलेत. या आजी एकदा डोक्यावर घागर घेऊन सकाळपासून दुपारपर्यंत याच पायऱ्या चढत-उतरत होत्या. "आवं, रोज तेच करत हुतो की. त्या दिशी पैसं दिलं आन् वर जेवाण. मला म्हन्ले, नीट चाला, गावातल्या बाईवानी चाला." यावर बाकीच्या सगळ्याजणी हसल्या. नानांविषयी त्यांना विचारलं तर "फडणीसांचा वाडा" यापलीकडे फारसं कुणाला सांगायचं नव्हतं. पण नदीचं पाणी कुठल्या साली कितव्या पायरीपर्यंत चढलं होतं, हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावर त्यांचं एकमत नव्हतं.

*मेणवलीला जाणाऱ्यांसाठी :* वाडा खाजगी मालकीचा आहे, बंदही असू शकतो. उघडा मिळाला तर देखभाल करणाऱ्याला विचारूनच आत जा. शनिवार-रविवार दुपारी घाटावर गर्दी असते, शक्यतो सकाळी नऊच्या आत पोचा. पायऱ्यांवर शेवाळ आहे, चप्पल घसरते.

तिथून धोमपर्यंत चालत गेलो. ऊन चढलं होतं, रस्ता डांबरी, सावली थोडी, या टप्प्याबद्दल चांगलं बोलण्यासारखं फार नाही. ज्यांना चालायचं नाही त्यांनी वडाप, म्हणजे माणसागणिक पैसे घेणारी जीप, धरावी. धोमेश्वराच्या देवळात मात्र थांबलोच. इथला नंदी कासवाच्या पाठीवर बसलाय आणि ते कासव कमळाच्या आकाराच्या हौदात आहे. हौदात पाणी भरलं की नंदी पोहतोय असं वाटतं. आम्ही गेलो तेव्हा हौद कोरडा होता, त्यामुळे कासवाची कोरीव पाठ, पाय, सगळं जवळून बघायला मिळालं. मला तर हेच जास्त आवडलं.

देवळाच्या ओवरीत एक वयस्क गृहस्थ बसले होते, मामांच्या ओळखीचे. वर गावाच्या डोक्यावर धोमचं धरण आहे, 1982 च्या सुमाराला पुरं झालेलं. त्यांची नदीकाठची काळी जमीन त्याच्या पोटात गेली. मी अपेक्षेने विचारलं, वाईट वाटत असेल? ते म्हणाले, "वाटतं की. पण खालच्यांचा ऊस त्याच पाण्यावर हाय. माझी लेक खालच्या गावात दिलीय. आता मी कुणाला शिव्या द्यायच्या?"

रात्री मामींनी घेवड्याची आमटी आणि भाकरी केली होती. जेवताना मामांनी मराठी विश्वकोशाचा विषय काढला. वाईत राहून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी त्याचं काम उभं केलं, विश्वकोशाचं कार्यालय इथेच आहे आणि महाबळेश्वरला जाणाऱ्यांना मधेच उतरून ते बघावंसं वाटत नाही, यावर ते अर्धा तास बोलले. मामी म्हणाल्या, "झोपू द्या तिला."

दुसरा दिवस : किकली

खरं तर या तीन दिवसांतला माझा दिवस हाच. पुणे-सातारा हायवे सोडला आणि पूर्वेला तोंड करून, चंदन-वंदनचे जोडकिल्ले समोर ठेवून चालायला लागलो. सकाळी इतकी थंडी की मामांनी कानाला मफलर, आणि अकरानंतर तोच मफलर डोक्याला. शाळू कंबरेच्या वर आलेला, कणसं दुधात भरलेली. पाखरं राखायला एक पोरगं गोफण घेऊन मचाणावर बसलं होतं. पाखरं आणि पोरगं दोघंही कंटाळलेले दिसत होते.

किकलीच्या भैरवनाथाचं देऊळ यादवकाळच्या घडणीचं, आणि त्याच्या आवारात वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या आठवणीसाठी उभे केलेले कोरीव दगड. एखादा-दुसरा नव्हे, ओळीने मांडलेले, डझनावारी. एखाद्या गावात दोन-चार वीरगळ असणं नवलाचं नाही, पण एवढे एका जागी मी तरी कुठे पाहिले नव्हते.

वीरगळ वाचायचा तो खालून वर. मामांनी एका दगडापुढे मला बसवलं आणि शाळेत फळ्यापुढे बोलावं तसे बोलू लागले. सगळ्यांत खालच्या चौकटीत वीर आडवा पडलाय, मेलेला. त्याच्या बाजूला गाई, एकीच्या पाठीमागून दुसरीचं डोकं काढलेलं. म्हणजे गुरं पळवून न्यायला आलेल्यांशी लढताना हा पडला. त्याच्या वर लढाई : हा एकटा, हातात ढाल-तलवार, समोर दोघे. त्याच्या वर अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून घेऊन चालल्यात. सगळ्यांत वर शिवलिंग, एका बाजूला पुजारी, दुसऱ्या बाजूला हात जोडलेला तोच वीर. माथ्यावर कलश, आणि कोपऱ्यांत चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य आहेत तोवर याची आठवण राहील.

नाव मात्र नाही. मी बघितलेल्या दगडांवर कुठेही अक्षर दिसलं नाही. शिल्पकाराने ढालीची कड कोरली, गाईची वशिंडं कोरली, एका अप्सरेच्या अंबाड्याची गाठसुद्धा कोरली. ज्याच्यासाठी दगड उभा केला त्याचं नाव गावाला तेव्हा पाठ असणार, मग ते कोरायची गरज कुणाला वाटेल? कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला सतीचा दगडही असाच निनावी. त्यापुढे मी फार वेळ थांबले नाही. वीरगळाचं कौतुक करता येतं, त्या हाताचं मला करता आलं नाही.

तेवढ्यात एक बाई तांब्या घेऊन आली आणि कडेच्या एका शेंदूर फासलेल्या दगडावर चीक ओतून गेली. घरची गाय व्यालीय, पहिला चीक "ह्याला" दिल्याशिवाय घरात खरवस होत नाही, म्हणाली. हा कोण? "म्हातारी सासू घालायची, मी बी घालते." ती गेल्यावर मामांनी दगडाच्या पायाशी हाताने माती उकरली. खालच्या चौकटीत शेंदराच्या थराखाली शिंगं होती. गाईंसाठी मेलेल्याला गाईचं पहिलं दूध, अशी सरळ जोडणी मी लगेच करून टाकली. मामा म्हणाले, "योगायोगही असेल. सगळ्या दगडांना लोक काही ना काही घालतातच." मास्तर तो मास्तरच. पण उकरलेली माती त्यांनी परत नीट लावली नाही, शिंगं दिसतील इतकी मोकळी ठेवली.

गावात मामांचे माजी विद्यार्थी भेटणार हे ठरलेलंच होतं. एक तर आजोबा झालेला. "गुर्जी, तुमचा मार अजून ध्यानात हाय," असं म्हणून पाया पडला आणि शेतात हुरड्याला घेऊन गेला. आगटीत गोवऱ्यांचा आर धरलेला, त्यात कणसं खुपसायची, भाजली की हातावर चोळून गरम दाणे द्यायचे. सोबत लसणाची चटणी, दही, गूळ. पुण्याजवळच्या हुरडा पार्ट्यांत पैसे मोजून जे मिळतं ते आणि हे, यात फरक एवढाच की इथे "बास" म्हटलं तरी कुणी थांबत नाही.

त्याचे वडील खाटेवर उन्हाला बसलेले. नव्वदी ओलांडलेले, कान अधू, आवाज खणखणीत. वीरगळांविषयी विचारलं तर म्हणाले, "ते पांडवांच्या वक्ताचं." मामांनी यादवांचा काळ समजावायचा प्रयत्न केला, म्हाताऱ्याने ऐकून घेतला आणि "त्येच त्ये" म्हणून सोडून दिला. मग आपणहून पत्री सरकारवर आले. 1943 नंतरची दोन-तीन वर्षं, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार साताऱ्यात ऐन भरात होतं. ते तेव्हा दहा-अकरा वर्षांचे. रात्री माणसं यायची, आई दिवा न लावता चुलीच्या उजेडात भाकऱ्या थापायची, आणि हे पोर ते गाठोडं उसात नेऊन ठेवायचं.

"कोण असायचे ते?"

"तोंड बघायचं न्हाई, आसं आयनं सांगितलं हुतं. पायलं न्हाई तर सांगायची पाळी येत न्हाई. गाठुडं ठिवायचं आन् मागारी फिरायचं."

एकदाच एकाने हाक मारून भाकरीचा तुकडा यांच्याच हातात परत दिला होता. तो किसन वीर होता असं गावात नंतर काहीजण म्हणायचे. किसन वीर याच तालुक्यातल्या कवठ्याचे, भुईंजचा साखर कारखाना त्यांच्या नावाने आहे. "पर मी कशाला म्हनू? मी तोंड पायलं न्हाई." ऐंशी वर्षांनंतरही ते साक्ष द्यायला तयार नव्हते. या प्रवासात ऐकलेल्या सगळ्या गोष्टींत मला सर्वांत विश्वासाची वाटली ती हीच.

*किकलीला जाणाऱ्यांसाठी :* वीरगळांवर पाणी किंवा खडू लावून फोटो काढू नका. सकाळी नऊच्या आधी किंवा चारनंतर तिरपं ऊन असतं, तेव्हा कोरीवकाम आपोआप उठून दिसतं. गावात हॉटेल शोधू नका, पाणी आणि खायचं सोबत ठेवा. चंदन-वंदन चढायचे तर बेलमाचीकडून वाट आहे, पण ते वेगळ्या दिवसाचं काम. परतीची एसटी येईल त्या भरवशावर बसू नका. आमची आलीच नाही. शेवटी उसाच्या ट्रॅक्टरवाल्याने हायवेपर्यंत सोडलं.

तिसरा दिवस : लिंब

हायवेवरून लिंबला वळलं की दोन-अडीच किलोमीटरवर बारा मोटांची विहीर. ही हल्ली समाजमाध्यमांवर इतकी फिरलीय की मी मनातून थोडी नाराजीनेच गेले होते. ती नाराजी पायऱ्या उतरताना गेली. वर शेतात उभं राहिलं तर काहीच दिसत नाही, जमिनीला भोक पडल्यासारखी विहीर. खाली उतरून कमानीतून आत गेलं की समोर अष्टकोनी विहीर आणि तिच्यावर पुलासारखा बांधलेला चक्क छोटा महाल. खांबांवर गणपती, हनुमान, छत्रपती शिवाजी महाराज. दाराशी शिलालेख. थोरल्या शाहूमहाराजांच्या विरूबाईंनी ही 1719 ते 1724 या काळात बांधून घेतली, भोवतालची आमराई भिजवायला. खोली सुमारे 110 फूट.

नाव बारा मोटांचं, पण मोटा लावायच्या जागा पंधरा. मी मोजत असताना शेजारच्या रानातले एक शेतकरी टोपी सरळ करत आले. त्यांच्या लहानपणी घरच्या विहिरीवर मोट होती. या विहिरीच्या काठावर उभं राहून त्यांनी ती मला हवेत चालवून दाखवली. चामड्याची मोट खाली सोडायची, भरली की बैल धावेवरून उताराला पुढे हाकायचे, नाडा ताणला जातो, मोट वर येते, सोंडेतलं पाणी थारोळ्यात धो धो पडतं आणि तिथून पाटाला लागतं. मग बैल उलटे, पाठमोरे वर आणायचे. "पुढं जायाला बैलाला काय लागत न्हाई. माघारी यायचं शिकवाय लागतंय. त्यासाठी गाणं." म्हणा की एखादं, म्हटलं. लाजले. मग काठावरच्या दगडावर नाड्याने घासून पडलेली खाच दाखवली. माझी चार बोटं तिच्यात आरामात बसली.

पंधरा मोटा एकावेळी चालल्या असतील तर तीस बैल, पंधरा मोटकरी आणि तेवढी गाणी. विरूबाईंचं नाव शिलालेखात आहे. मोटा हाकणाऱ्यांचं कुठे असणार?

"मग बारा का म्हणतात?" मी विचारलं.

"तीन राजाच्या कामाला राखून असतील," ते म्हणाले. थोडं थांबून, "मी आपलं म्हन्लं. तुमी लिहू नका." लिहिलंच शेवटी, पण त्यांनी अंदाजाने सांगितलंय हेही लिहितेय.

दुपारी गावातून चालत नदीवर कोटेश्वराला गेलो. कृष्णेच्या पात्रातलं देऊळ, थंडगार सावली, पाण्यात पाय सोडून मामांनी सोबत आणलेली धपाटी खाल्ली. तिथल्या पोरांना मी विचारलं, विहीर बघायला तुम्ही जाता का? "आमी पोहायला हितंच येतो, तिकडं मास्तर नेतात." मामा खूश.

*लिंबला जाणाऱ्यांसाठी :* विहिरीला आत कठडा बहुतेक ठिकाणी नाही, लहान मुलांचा हात सोडू नका. रविवारी फोटो काढणाऱ्यांची रांग असते, आडवारी जा. गाडी शेताच्या तोंडाशी लावू नका, उसाच्या बैलगाड्या अडतात आणि मग जे ऐकून घ्यावं लागतं ते योग्यच असतं. परतताना साताऱ्याला वाकडी वाट करून कंदी पेढे घेता येतील.

खर्च म्हणाल तर एसटी, वडाप, दोन चहा आणि मेणवलीला वाडा दाखवणाऱ्याच्या हातावर ठेवले ते, एवढाच. जेवणाचे पैसे कुणी घेतले नाहीत. चालायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, पावसाळ्यात मेणवली सुंदर पण घाट पाण्याखाली असू शकतो. मामांचं बोलावणं आलेलंच आहे : रंगपंचमीला बावधनच्या बगाडाच्या जत्रेला. तिथं गर्दीत चालता येत नाही, लोक नेतील तिकडे जायचं, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलंय. मामी म्हणतात, या वेळेस तरी जेवताना विश्वकोश नको.